आक्काचं सरपण आणि राखणीचा डोंगर

मी या प्रवासाला का गेलो, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला निसर्गप्रेमी समजायला नको. शहराच्या कडेच्या आमच्या पडेगावात त्या दिवसांत नळाला पाणी आठवड्यानं यायचं आणि वरच्या मजल्यापर्यंत पोचेतो दमून जायचं. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलेलं. पुतणी स्वातीनं फोन केला, "काका, माझ्यासोबत येणारी मुलगी आजारी पडली. गाडी घेऊन चार दिवस येता का?" मी बघतो, विचार करतो असं म्हणत होतो, तोवर हिनं माझी बॅग भरून दारात ठेवली होती. म्हणाली, "जा की. एक माणूस कमी झालं तर तेवढ्याच बादल्या वाचतील." इतक्या वर्षांच्या संसारानंतर घरातलं आपलं वजन बादल्यांत मोजलं जातं, ही माझ्या प्रवासातली पहिली मोजणी.

स्वाती जंगलांचा अभ्यास करते. एखादं गाव जंगलातून वर्षाला किती लाकूड, किती गवत, किती पाला आणतं ते मोजायचं. तेवढ्याच काळात जंगल किती वाढतं तेही मोजायचं. आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचं की गाव वासराचं दूध ठेवून गाय पिळतंय, की वासरालाही उपाशी ठेवतंय. याला ती पाऊलठसा म्हणते. माणसाचं पाऊल जमिनीवर किती मोठं पडतं, ते. मी गुपचूप माझ्या सँडलकडं बघून घेतलं.

जायचं होतं कन्नडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याच्या एका वस्तीला. माझी चुलत बहीण शांताआक्का तिथंच दिलेली, म्हणून तर स्वातीला माझी आठवण झाली. वस्तीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथं गाड्या लागतील, आणि त्यातली एक माझ्याच साडूची असेल.

रस्ता

दौलताबादच्या रस्त्याला लागलो की दोन्ही बाजूंनी नव्या वसाहतींचे फलक सुरू होतात. हिरवाई, वनराई, सागवान पार्क. एकाही फलकामागं झाड नव्हतं. स्वाती म्हणाली, "तोडलेल्या झाडांची नावं वसाहतीला द्यायची पद्धत असावी." मी हसलो, पण बेतानं, आमची वसाहतही त्यातलीच आहे.

वेरूळला उसाचा रस प्यालो. कन्नडला आठवडी बाजार होता. जनावरांच्या बाजूला विकायला आलेले फार आणि घेणारे कमी. एक म्हातारा बैलाच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा होता. त्याला कुणी किंमत विचारत नव्हतं आणि तोही कुणाला हाक मारत नव्हता. आम्ही पेरू घ्यायला थांबलो होतो, ते न घेताच निघालो.

पुढचे डोंगर माझ्या डोक्यासारखे. कडेला थोडं काहीतरी, मध्ये चकचकीत. मुरूम उघडा पडलेला. एक वळण आलं आणि मी गाडी थांबवली. स्वातीनं विचारलं, काय झालं? मी नुसतं बोट दाखवलं.

समोर एकच डोंगर होता, पण दोन डोंगर असावेत तसा. मधून दगडांची एक ओळ वर गेलेली. ओळीच्या अलीकडं सगळं तासलेलं. पलीकडं कमरेइतकं वाळलेलं गवत, उन्हात सोन्यासारखं उभं, आणि त्यातून डोकं वर काढून पळस पेटलेले. त्यांच्या वर सालईची पांढुरकी खोडं. दुष्काळ त्या दगडांपर्यंत आला होता आणि चपला काढून बाहेरच बसला होता.

"ही राखण," स्वाती म्हणाली. गावानं गावासाठी राखलेला डोंगर. जनावर सोडायचं नाही, हिरवी फांदी तोडायची नाही. वाळून पडलेलं लाकूड तेवढं बायांनी आणायचं आणि ठरलेल्या दिवसांत गवत कापायचं. पुष्कळ वर्षं हे चाललेलं.

आक्काचं अंगण

आक्का दारात उभीच होती. मला बघून म्हणाली, "बाळू, तू आलास व्हय? मला वाटलं शास्त्रज्ञ येनार हाय."

मी रुबाबात पुढं झालो आणि अंगणातल्या एका ओंडक्याला अडखळून सरळ तिच्या पायाशी. नमस्कार झाला असं सगळ्यांनी मानलं. अंगठ्याचं नख मात्र काळंनिळं झालं. तो ओंडका धावड्याचा होता, बुंध्याकडचा गाठाळ तुकडा. दोन बाजूंना दोन खुंट वर आलेले, त्यामुळं थेट बोकडाचं तोंड. आक्काचे यजमान कडुबादाजी शांतपणे म्हणाले, "त्यानं दोन कुऱ्हाडी खाल्ल्या. आता तुमचा आंगठा खाल्ला."

चहा घेता घेता दाजींनी गावातलं भांडण सांगितलं. सर्जेरावतात्या म्हणून वस्तीतले जाणते. त्यांचं म्हणणं, दोन वर्षं पाऊस नाही, बाया सरपणाच्या नावाखाली डोंगर खाऊन टाकायल्या, तवा पुढच्या पोळ्यापर्यंत राखण बायांनाही बंद करा. राखणीखालच्या विहिरीला अजून पाणी होतं आणि ते डोंगरामुळं होतं, हे साऱ्यांना मान्य. तात्या वाईट माणूस नव्हे, विहीर आटेल म्हणून भ्यायलेला माणूस. बायांच्या बाजूनं आक्का. आम्ही पडलेलंच आणतो, डोंगराला त्याचं काही वाटत नाही, असं तिचं म्हणणं. दोन सभा भांडणात गेल्या, मग ठरलं की मोजून बघू. म्हणून स्वाती.

"अन् बंद झाला तर?" मी विचारलं.

आक्कानं चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं. "मंग डोंगरापल्याड जायचं. ह्या गुडघ्यांनी म्या जानार हाय का? गॅसची टाकी हाय, पन ती भरायची तर कन्नडला पैशे घिऊन जावं लागतंय, अन् औंदा काम कुठं हाय. चूल बंद झाली की पोरगा वाळूजला कंपनीत हाय, त्याच्या खोलीत जाऊन बसायचं, दुसरं काय." हे ती इतक्या सहज म्हणाली, की मला पेलाच खाली ठेवावा लागला. दाजी शेळ्यांकडं बघत होते.

त्याच संध्याकाळी काम सुरू झालं. रीत साधी. अंगणातलं सरपण काट्याला लावून तोलायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं परत तोलायचं, आणि मधला फरक म्हणजे त्या घरानं जाळलेलं. रोज सकाळी आदल्या घरांचं झालं की नवी थोडी घरं घ्यायची. काटा झाडाच्या फांदीला टांगून धरायचं काम माझं. त्यातही एकदा काट्याच्या आकड्यात शर्टाची बाही अडकली आणि स्वातीनं मला लाकडासकट तोललं.

पण अंगणं काय भरलेली! एकेका दारात सरपणाची रास. ज्या घरी जावं तिथं चुलीवर काहीतरी चढलेलं. एकीकडं भजी, दुसरीकडं शिरा, तिसरीकडं माझ्या अंगठ्यासाठी हळदीचं कढतं तेल. सकाळी आंघोळीला हंडाभर कढत पाणी. शहरात तीन तांबे पाण्यात उरकणारा मी, इथं राजासारखा वाफेत बसलो होतो. दुष्काळातही या लोकांचं मन किती मोठं, असं मी हिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग तिथंच राहा."

राखण

दुसऱ्या दिवशी राखणीवर चढलो. दगडांची ओळ ओलांडताना दाजींनी चपला काढल्या. सांगितलं कुणीच नव्हतं, पण मीही काढल्या, आणि पुढच्या दहा पावलांत पस्तावलो. कुसळं.

झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात. कुणाच्या छातीच्या, असा प्रश्न मी विचारला तेव्हा स्वातीनं उत्तराऐवजी खूण केलेली काठी माझ्या हातात दिली. मी एका सागाला टेप गुंडाळला आणि मग गंमत म्हणून स्वतःला गुंडाळला. मी त्या सागापेक्षा जाड निघालो. हसू आलं, मग ओसरलं. हे झाड केव्हाचं असेल, असं दाजींना विचारलं. ते म्हणाले, "आमचं लगीन झालं तवा हे मनगटायेवढं व्हतं." आक्काच्या लग्नात मी अर्ध्या चड्डीत होतो. इतक्या उन्हाळ्यांत ते एवढंच भरलं होतं. आणि मी पडेगावच्या घराला सागाच्या चौकटी बसवल्या, तेव्हा दुकानदाराला म्हटलं होतं, जरा जाड दाखवा.

मी त्या झाडाला हात लावून उभा राहिलो. पानं नव्हती त्याला. खाली मात्र मोठमोठ्या वाळक्या पानांचा गालिचा, पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा वाजणारा. वर एक अंजन कोवळ्या तांबूस पालवीनं लवलवत होता, जणू त्याला कोरड्या वर्षाची बातमीच कुणी दिली नव्हती. कुठूनतरी मोराचा आवाज आला आणि दरीतून परत आला.

"काका, इथं हात घाला," स्वाती म्हणाली. तिनं पानांचा थर बाजूला केला होता. मी हात घातला आणि पटकन काढून घेतला, कारण आत गार होतं. परत घातला. माती ओलसर होती. भर फाल्गुनात, दुसऱ्या कोरड्या वर्षात, जिथं खालच्या शेतांत ढेकळं दगड झाली होती, तिथं डोंगरानं पानांच्या पांघरुणाखाली ओल जपून ठेवली होती. देवळात गाभाऱ्यातल्या दगडाला हात लागावा तसा गारवा. मी बराच वेळ हात काढला नाही. आमच्या घराखाली टाकी आहे, वर टाकी आहे, मधे मोटार आहे, आणि तिन्हींत मिळून इतकी ओल नव्हती.

उतरताना मात्र स्वाती वहीतले आकडे परत परत बघत होती. कारण विचारलं, तर म्हणाली, सरपणाचे आकडे फार वाईट आहेत. घरंच्या घरं एका दिवसात लग्नाएवढं लाकूड जाळताहेत. असंच असेल तर डोंगर फार वर्षं पुरणार नाही आणि तात्यांचंच खरं आहे.

"पण आक्का..." मी म्हटलं.

"आत्याला डोळ्यांसमोर ठेवून मी आकडा बदलू?"

बदल, असं मला म्हणायचं होतं. पण ओल्या मातीचा हात अजून तसाच होता.

बोकडाचं तोंड

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्काच्या शेजारणीच्या, विमलच्या, दारात काटा टांगला. मी एकेक लाकूड काढून देत होतो आणि एकदम माझा अंगठा ठणकला. डोळ्यांच्या आधी अंगठ्यानं ओळखलं. राशीच्या तळाशी दोन शिंगांचं ते बोकडाचं तोंड माझ्याकडं बघत होतं.

मी वर पाहिलं. दारात विमल आणि तिच्या मागं आक्का. आक्का आभाळाकडं बघत होती. आभाळात काहीही नव्हतं.

तिला बाजूला घेऊन विचारलं, हे लाकूड इथं कसं? आधी म्हणाली, लाकडासारखं लाकूड असतं. मग म्हणाली, बोकडासारखी बोकडं असतात. मग पदर सावरून खरं बोलली. "आरं, पावने काटा घिऊन दारात येनार, अन् अंगनात चार काटक्या दाखवायच्या? ज्या घरात सरपन नाय त्या घरात बाई नाय म्हनतेत. पोरगी बघाया येतेत तवा शेजारची गादी आपन आनतोच की. तसं हे. ज्या दारी उद्या तुमी जानार, त्या दारी सांजच्याला समद्या मिळून ढीग लावून द्यायचा. तुमी गेलं की फुडल्या दारी."

मी कपाळाला हात लावला. "आक्का, काल सकाळी ही रास तुझ्या अंगणात होती?"

"व्हय."

"आज नाही?"

"कशी आसंल? हितं हाय की."

"मग स्वातीच्या हिशेबानं ती तू जाळलीस."

"म्या कुठं जाळली?" ती म्हणाली. मी म्हटलं, उद्या विमलच्या दारातून गेली की तिनंही जाळली. तिच्या आधीच्यांनीही जाळली. एकच लाकूड वस्तीनं रोज जाळलं, आणि म्हणून डोंगर संपत आला.

तिला आधी हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती विमलकडं बघून हसली, विमलही हसली. मग आक्काचा चेहरा उतरला. हे सांगायचं म्हणजे सगळ्या गावात सगळ्यांची अंगणं उघडी करायची. तात्या म्हणणार, बायांनी फसवलं. न सांगावं तर डोंगर बंद. "तू काय बोलू नगंस," ती म्हणाली. "माझं मला बघू दे." संध्याकाळी सभा होती. मी दिवसभर लंगडत आणि गप्प राहत फिरलो. यातलं दुसरं जास्त अवघड होतं.

सभेला सगळी वस्ती समाजमंदिरात. स्वाती आकडे सांगायला सुरुवात करणार, तोच आक्का उठली. मागून दाजी तो ओंडका खांद्यावर घेऊन आले आणि मधोमध ठेवला.

"हे वळखा," आक्का म्हणाली.

बायांच्या बाजूला खुसखुस सुरू झाली. आक्कानं सगळं सांगितलं, पाहुण्यांपुढं लाज वाटली इथपासून. सर्जेरावतात्या उभे राहिले. म्हणाले, म्हणजे ही लबाडीच झाली, आणि लबाडीवर डोंगर सोपवायचा का?

"लबाडी म्हना," आक्का म्हणाली. "पन तात्या, परवा हे बोकड तुमच्या बी अंगनात व्हतं. सूनबाईला इचारा."

तात्यांनी सुनेकडं बघितलं. सुनेनं पदर पुढं ओढला. तात्या ओंडक्याकडं बघत म्हणाले, "म्या म्हनतच व्हतो, औंदा घरात सरपन बरं दिसायलंय." सभा हसली ती बराच वेळ थांबेना. मला वाटतं, भांडण तिथंच अर्धं मिटलं.

स्वाती हसली नव्हती. ती म्हणाली, मी परत मोजणार. यावेळी अंगणात नाही. बाया मोळी घेऊन उतरतील तिथंच, दगडांच्या ओळीपाशी. पण एक अट. "आम्हाला पाहुणे समजायचं नाही. आमच्यासाठी चूल पेटवायची नाही."

दुष्काळानंही एवढे चेहरे पडले नव्हते.

"म्हंजे पानी बी तापवायचं नाय?" आक्कानं विचारलं.

"नाही."

"अन् च्या?"

"तुमचा होईल तेव्हा."

"जगानं आमाला काय म्हनावं," विमल पुटपुटली.

पाहुणा नसलेले दिवस

चाराचे आठ दिवस झाले. ही फोनवर म्हणाली, बादल्या वाचतायत, सावकाश या. आणि मग मी खरी वस्ती पाहिली. आक्का चूल पेटवायची ती एकदाच. भाकरी होईतो कालवण शेजारी शिजायचं, भाकरी झाली की लाकडं मागं ओढून राखेत विझवायची, कारण ती उद्याची होती. उरलेल्या निखाऱ्यांवर चहा. त्या निखाऱ्यांतला एखादा विमल पळीत घेऊन जायची आणि तिची चूल त्यावर पेटायची. शेवटी कोमट राखेत एक कांदा पुरलेला असायचा, तो माझा. आमच्याकडं दूध उतू जातं तेव्हा मी टीव्हीपुढून ओरडतो, बंद करा रे गॅस. इथं आच उतू जाऊ देत नव्हते.

दगडांच्या ओळीपाशी बाया मोळ्या उतरवायच्या. वाकड्या, बोटाएवढ्या, मोडलेल्या काटक्या. काट्याला लावताना मला हात हलका लागायचा. पहिल्या दिवसांचे ते डोंगराएवढे ढीग आणि ही मोळी. मी त्यातली एक गंमत म्हणून डोक्यावर घेतली आणि दहा पावलांत मान वाकडी करून बसलो. हलकी असली तरी ती माझ्यासाठी नव्हती.

शेवटी स्वातीनं दोन्ही आकडे शेजारी ठेवले. डोंगरावर वर्षाला जेवढं वाळून पडतं, त्याच्या आतच गाव होतं. पण फार आत नाही. अजून एक वर्ष असंच कोरडं गेलं तर दोन्ही आकडे एक होतील आणि शिल्लक काही राहणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. आक्कानं आणि विमलनं एकमेकींकडं पाहिलं. डोंगराचा वरचा पट्टा, जिथं ओल होती, तो पोळ्यापर्यंत आपणहून सोडतो, असं बायाच म्हणाल्या. खालचा सरपणासाठी खुला राहिला. तात्यांनी मान डोलावली. वाळूजचं नाव कुणी काढलं नाही.

निघायच्या दिवशी पहाटे मी टॉवेल घेऊन अंगणातल्या उघड्या मोरीकडं गेलो. मोजणी आदल्या दिवशीच संपली होती. आता अट नव्हती. खरं सांगायचं तर हंडाभर वाफाळत्या पाण्याची मी मनात वाट बघत होतो. मोरीत अर्धी बादली होती. हात घातला. गार.

"आक्का," मी आतल्या दिशेनं म्हटलं, "मोजमाप संपलं गं आता."

ती भाकरीचा चुरा करत होती, रात्रीच्या. माझी न्याहारी. वर न बघता म्हणाली, "संपलं की. पन तू आता पावना कुठं ऱ्हायलास?"

मी अंगणात परत आलेला तो बोकडाच्या तोंडाचा ओंडका ओढून घेतला आणि त्यावर बसलो. समोर दगडांच्या ओळीपलीकडं राखणीचं गवत उजाडत होतं, आणि वरून खाली एकेक पळस लाल होत जात होता. पहिला तांब्या अंगावर घेतला तेव्हा श्वासच थांबला. ते पाणी त्याच विहिरीचं होतं, त्या डोंगरानं पानांखाली धरून ठेवलेलं. मी दुसरा तांब्या भरला आणि तो सावकाश ओतला.